अमेरिकेच्या ‘डोज’ विभागाची खर्चकपात मुळात शक्य होती का?

प्रश्न: २० जानेवारी २०२५ रोजी ट्रम्प यांच्या आदेशाने सरकारी खर्च कमी करण्यासाठी ‘डोज’ (सरकारी कार्यक्षमता विभाग) स्थापन झाला. त्याचा चेहरा ठरलेले उद्योजक इलॉन मस्क यांनी आधी २ लाख कोटी डॉलरच्या बचतीची भाषा केली आणि नंतर तो आकडा निम्म्यावर आणला. एवढी कपात खरोखर शक्य होती का?

प्रतिसाद: माझ्या मते नव्हती. २०२४ च्या आर्थिक वर्षात तेथील केंद्र सरकारचा खर्च सुमारे ६.७५ लाख कोटी डॉलर होता आणि त्याचा बहुतांश भाग निवृत्तिवेतन, आरोग्यविमा, संरक्षण व कर्जावरील व्याज यांवर जातो. मुलकी कर्मचाऱ्यांच्या पगाराचा वाटा त्यात इतका लहान आहे की हजारोंना घरी बसवूनही एकूण खर्च फारसा हलत नाही.

प्रतिसाद: हेतू मात्र मला रास्त वाटतो. त्याच वर्षी सुमारे १६,२०० कोटी डॉलर चुकीच्या पद्धतीने दिले गेल्याचा अंदाज सरकारच्याच लेखापरीक्षण संस्थेने दिला होता, आणि तो करदात्यांचा पैसा आहे.

प्रतिसाद: ती गळती रोखायला चिकाटीची तपासणी लागते, घाई नव्हे. अण्वस्त्रांची देखभाल पाहणाऱ्या संस्थेतील कर्मचाऱ्यांना काढून लगेच परत बोलवावे लागले, हे घाईचेच फळ. शिवाय काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, मंजूर केलेला निधी राष्ट्राध्यक्षांनी परस्पर अडवू नये, यासाठी १९७४ पासून स्वतंत्र कायदा आहे. परदेशी मदत देणारी ‘यूएसएड’ संस्था मोडीत काढताना त्याची बूज राखली गेली नाही, याचे मला सर्वाधिक दुःख वाटते, कारण औषधे आणि अन्न थांबले ते दुसऱ्याच देशांतील गरिबांचे.