मारुती ८०० (१९९४, कार्बोरेटर): बॉनेटखालचे हे पाच भाग कशाचे?

घोडबंदर_८००
गाडी एमएच-०४ पासिंग, पॉइंटवाली (कॉइलचा करंट उघडझाप करणारे जुने धातूचे पॉइंट), एसी आहे. खालच्या वस्तू ओळखायला मदत हवी.

१) इग्निशन कॉइलच्या शेजारी पांढरा, चिनी मातीचा, बोटाएवढा तुकडा. दोन्ही टोकांना वायर.
२) पेट्रोल पंपाला तीन नळ्या. तिसरीच्या तोंडात बोल्ट घालून वर क्लिप आवळली आहे.
३) कार्बोरेटरच्या अंगात बसवलेलं धातूचं बोंडूक. त्याची एकुलती वायर तुटून लोंबते आहे.
४) चौकोनी डबी, दोन बारीक रबरी नळ्या आणि वायरचा प्लग.
५) एअर क्लीनरच्या सोंडेवर दोन जागी फिरणारी कांडी. सोंडेला खालून एक जाड पाइप येतो, तो सायलेन्सरच्या बाजूला जातो.

लक्षणं: दुपारी माजिवडा ते कापूरबावडी जॅममध्ये बंद पडते, वीसेक मिनिटांनी आपोआप चालू होते. आयडल (गाडी उभी असतानाची इंजिनाची किमान गती) लावायचा स्क्रू खूप आवळलेला आहे, सोडला की इंजिन बंद. एसी लावला की इंजिन दबतं. यांपैकी काय काढून टाकलं तर चालेल?

नेरूळ_टॅपेट
काहीही काढू नका. तुमची निम्मी दुखणी या यादीतच आहेत.

आधी २ नंबर. पंप कार्बोरेटरला लागतं त्याहून जास्त पेट्रोल खेचतो, उरलेलं तिसऱ्या नळीतून टाकीत परत जातं. पेट्रोल असं फिरत राहिल्यामुळे पंप थंड राहतो आणि झालेली वाफही टाकीकडे निघून जाते. रिटर्न बंद केल्यावर पेट्रोल गरम इंजिनाला चिकटलेल्या पंपातच तुंबतं, जॅममध्ये उकळतं, आणि पंप वाफ ढकलत बसतो. इंजिन निवलं की गाडी परत सुरू. तुमची वीस मिनिटं तिथली.

पण बोल्ट लगेच उपटू नका. तो कुणीतरी कारणाने मारलेला असतो, बहुतेक वेळा मागे जाणारी लोखंडी नळी गंजून गळत असते किंवा चोंदलेली असते. गाडीखाली शिरून ती नळी टाकीपर्यंत हाताने तपासा. मग टाकीचं झाकण उघडून पुढच्या टोकातून पायपंपाने हळू हवा मारा. टाकीपाशी कुणाला तरी उभं करा, हवा मोकळी जाताना ऐकू आली तर लाइन साफ. तोंडाने फुंकू नका.

३ नंबर म्हणजे फ्युएल कट सोलेनॉइड. चावी ऑन असताना तो आयडलच्या पेट्रोलची वाट उघडी ठेवतो. चावी बंद केली की वाट मिटते, म्हणजे गरम इंजिन चावी काढल्यावरही धडधडत राहत नाही. वायर तुटल्याने वाट कायमची बंद, म्हणूनच स्क्रू आवळून गाडी मेन जेटवर (एरवी वेगात पेट्रोल देणारं मोठं छिद्र) ओढत ठेवली आहे. ॲव्हरेजही त्यातच जातं. वायर जोडा, चावी ऑन करा, तीच वायर काढून परत लावा: दर वेळी बारीक ‘टक’ यायला हवा. त्याआधी कार्बोरेटरवर सांडलेलं पेट्रोल पुसून घ्या, ठिणगी पडते. आवाज आला की स्क्रू सोडून आयडल नव्याने लावा.

५ नंबर थंडीसाठी. कांडी एका जागी असली की सोंड बाहेरची हवा घेते, दुसऱ्या जागी एक्झॉस्टभोवतीची गरम हवा. आपल्याकडे बाराही महिने बाहेरच्या हवेवर ठेवा. गरम हवा विरळ असते, त्यामुळे पिकअप मरतो आणि चढावर इंजिन नॉक करतं.

४ नंबर ठिणगीच्या टायमिंगचा, व्हॅक्यूम ॲडव्हान्स (इंजिनाच्या ओढीने ठिणगी थोडी आधी पाडणारा) असावा.

कळवा_कॉइल
४ बद्दल दुरुस्ती. व्हॅक्यूम ॲडव्हान्स म्हणजे डिस्ट्रिब्युटरच्या (स्पार्क प्लगांना करंट वाटणारा भाग) कुशीला चिकटलेली गोल डबी, तिला एक नळी असते, वायर नसते. ही वायरवाली चौकोनी डबी एसीच्या आयडल-अपचा व्हॉल्व्ह आहे. एसी लावला की तिला करंट मिळतो आणि ती इंजिनाचा व्हॅक्यूम कार्बोरेटरवरच्या छोट्या डायफ्रामला (लवचीक पडदा) देते. त्याची दांडी थ्रॉटल जरासा ढकलते, म्हणजे कंप्रेसरचा भार आला तरी आयडल पडत नाही.

तपासणी: आयडलवर एसी लावा. दांडी हलली नाही तर डायफ्रामकडची नळी काढून टोकावर बोट ठेवा. ओढ लागते पण दांडी ढिम्म, तर डायफ्राम फाटलाय. ओढच नाही, तर टेस्ट लॅम्पने प्लगमध्ये करंट बघा. करंट असेल आणि आतल्या नळ्या धड असतील तर व्हॉल्व्ह गेला.

१ नंबर कॉइलचा रेझिस्टर. स्टार्टर फिरताना बॅटरीचं व्होल्टेज उतरतं, तेव्हा वेगळ्या वायरने कॉइलला थेट पुरवठा होतो. चावी सोडली की तोच करंट रेझिस्टरमधून, कमी होऊन जातो. तो जळाला की खूण ठरलेली: स्टार्टरवर इंजिन पकडतं आणि चावी सोडताक्षणी मरतं. वायरी काढून मीटर लावा, साधारण १ ते २ ओहम यायला हवेत. वायर जोडून बायपास करू नका, कॉइल तापते आणि पॉइंट काळे पडतात. चालू गाडीत तो चटका देण्याइतका तापतो, शेजारची वायर त्याला टेकता कामा नये.

घोडबंदर_८००
सोलेनॉइडला ‘टक’ आला, स्क्रू दोन आटे सोडला तरी इंजिन चालतंय. कांडी गरम हवेवरच होती, फिरवली. रिटर्नची लोखंडी नळी मोकळी आहे, गळत नाही, फक्त पंपाकडचा रबरी तुकडा तडकलेला. कोणती नळी घेऊ?

नेरूळ_टॅपेट
जुना तुकडा नमुना म्हणून न्या, आतला व्यास जुळवून घ्या. पारदर्शक प्लास्टिकची नळी घेऊ नका, पेट्रोल आणि उष्णतेने ती कडक होते आणि टोकाशी सुटते. आता पेट्रोल भरायच्या पंपांवर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं आणि त्या काळचं रबर त्यासाठी बनलेलं नाही. म्हणून इथेनॉल चालेल असं छापलेलीच घ्या, आणि पंपाच्या तिन्ही नळ्या एकदम बदला. क्लिपा स्क्रूच्या. तार पिळून बांधली तर ती रबर कापते.

नळ्या घालून झाल्यावर पंपाच्या बुडाचं बारीक भोक बघा. तिथून पेट्रोल टपकत असेल तर आतला डायफ्राम फाटलाय. तेव्हा डिपस्टिकचा वासही घ्या, ऑइलला पेट्रोलचा वास आला तर पंपासोबत ऑइलही बदला आणि तोवर गाडी चालवू नका.