मदत हवी आहे: अँटिजेन दिल्यावर अर्ध्या तासात ॲनेक्सिन पॉझिटिव्ह, पेशी खरंच मरतायत का?

बडोदा_पेशीघर

नमस्कार मंडळी. बडोद्यात आरबीएल-२एच३ पेशींवर काम चालू आहे (रॅटच्या बेसोफिलिक ल्युकेमियाची पेशीरेषा, ॲलर्जीच्या प्रयोगांत मास्ट सेलच्या, म्हणजे ॲलर्जीत हिस्टामिन सोडणाऱ्या पेशींच्या, जागी वापरतात ती). एक गोष्ट अडली आहे.

पद्धत अशी: रात्रभर अँटी-डीएनपी आयजीई (डीएनपी ओळखणारं ॲलर्जीचं प्रतिपिंड), एसपीई-७ क्लोन, १०० नॅनोग्रॅम प्रति मिलि. सकाळी टायरोड बफरने दोनदा धुऊन डीएनपी-एचएसए (हेच अँटिजेन) ५० नॅनोग्रॅम प्रति मिलि, ३७ अंशांवर ३० मिनिटं. बीटा-हेक्सोसामिनिडेजचा (पेशीतल्या कणिकांमधलं एन्झाइम) रिलीज ४० टक्क्यांच्या आसपास मिळतो, त्याबद्दल तक्रार नाही. त्याच पेशी ट्रिप्सिनने सोडवून ॲनेक्सिन-एफआयटीसी (हिरव्या रंगाचं, मरणाऱ्या पेशी ओळखायला वापरतात ते) आणि पीआय (पडदा फाटलेल्या पेशीतच शिरणारा लाल रंग) लावलं, तर साधारण एक तृतीयांश पेशी ॲनेक्सिन पॉझिटिव्ह, पीआय निगेटिव्ह. नुसत्या आयजीईच्या वेलमध्ये (प्लेटवरच्या खाचेत) ८-१० टक्के.

दुसरा भाग करक्युमिनचा (हळदीतलं पिवळं द्रव्य). २० मायक्रोमोलर करक्युमिन एक तास आधी दिलं की हेक्सोसामिनिडेज कमी येतो, पण ॲनेक्सिन पॉझिटिव्ह पेशी उलट ७० टक्क्यांच्या वर जातात.

गाइड सरांचं म्हणणं, "अर्ली अपॉप्टोसिस" (पेशीच्या ठरवून मरण्याची सुरुवात) असं लिहून टाका. मला ते पटत नाही, कारण कॅस्पेज (अपॉप्टोसिसमध्ये प्रथिनं कापणारी एन्झाइम) जागे होऊन पडदा उलटायला ३० मिनिटं फार कमी वाटतात. फ्लो सायटोमीटर (एकेका पेशीची चमक मोजणारं यंत्र) दुसऱ्या इमारतीत आहे, रंग लावल्यापासून वाचनापर्यंत पाऊण तास जातो, हेही सांगून ठेवतो. कोणते कंट्रोल लावले तर प्रश्न मिटेल?

सिग्नलवाली_ताई

तुमची शंका बरोबर आहे. "अर्ली अपॉप्टोसिस" अजिबात लिहू नका.

ॲनेक्सिन-५ मृत्यू ओळखत नाही. ते फक्त फॉस्फॅटिडिलसेरीन ओळखतं, तेही कॅल्शियम असेल तरच. हे लिपिड पडद्याच्या आतल्या थरातून बाहेरच्या थरात यायला दोन वेगळे रस्ते आहेत. अपॉप्टोसिसमध्ये कॅस्पेज एक्सकेआर८ या स्क्रॅम्ब्लेजला (दोन थरांतली लिपिडं मिसळणारं प्रथिन) कापून चालू करतं आणि लिपिड परत आत ओढणाऱ्या एटीपी११सी फ्लिपेजला कापून बंद करतं. दोन्ही कापाकापी, म्हणून परतीची वाट नाही. दुसरा रस्ता कॅल्शियमचा. टीएमईएम१६एफ हे स्क्रॅम्ब्लेज कॅल्शियम वाढलं की चालतं, कॅस्पेज लागत नाही. रक्तातल्या प्लेटलेट्स गोठण्याच्या वेळी हेच करतात, आणि त्यांना कोणी मेलेलं म्हणत नाही.

आता तुमच्या पेशीत काय होतंय ते बघा. अँटिजेनने आयजीई एकमेकांना जोडले, एफसी-एप्सिलॉन रिसेप्टर गोळा झाले, लिन या एन्झाइमने रिसेप्टरच्या आयटॅम या तुकड्यावर फॉस्फेट चढवले, त्यावर सिक हे पुढचं एन्झाइम बसलं, मग लॅट, पीएलसी-गॅमा, आयपी३ आणि कॅल्शियम. शिवाय कणिकांचा पडदा बाहेरच्या पडद्यात विलीन होतो, म्हणजे कणिकेच्या आतली बाजू थेट बाहेर येते. डीग्रॅन्युलेशनच्या, म्हणजे कणिका अशा बाहेर रिकाम्या होण्याच्या, वेळी मास्ट सेल ॲनेक्सिन पॉझिटिव्ह होतात हे १९९९ पासून छापील आहे. आरबीएलमध्ये डीग्रॅन्युलेशन मोजायलाच ॲनेक्सिन वापरलं गेलं आहे. अपॉप्टोसिस नसतानाही हे होतं आणि उलटतं, हेही दाखवलेलं आहे.

नुसत्या आयजीईतले ८-१० टक्केही यातच बसू शकतात. एसपीई-७ हा अँटिजेनशिवायसुद्धा थोडा संकेत देणारा क्लोन म्हणून ओळखला जातो. एच१-डीएनपी-एप्सिलॉन-२०६ क्लोन मिळाला तर शेजारी लावून बघा.

निकाल लावणारा प्रयोग उलटसुलट ब्लॉकचा. एका बाजूला अँटिजेन ३० मिनिटं, दुसऱ्या बाजूला खरा अपॉप्टोसिस घडवणारं स्टॉरोस्पोरिन १ मायक्रोमोलर ६ तास. दोन्हींवर कॅस्पेज रोखणारं झेड-व्हॅड-एफएमके ५० मायक्रोमोलर (एक तास आधी) आणि सिक रोखणारं आर४०६ १ मायक्रोमोलर (अर्धा तास आधी) वेगवेगळं लावा. झेड-व्हॅडने स्टॉरोस्पोरिनचं ॲनेक्सिन पडेल, अँटिजेनचं पडणार नाही. आर४०६ ने अँटिजेनचं पडेल, स्टॉरोस्पोरिनचं राहील. असं चित्र आलं तर कोणी वाद घालणार नाही. सिक रोखायला पायसिटॅनॉल स्वस्त पडतं, पण ते सिकशिवाय बरंच काही रोखतं, त्यावर निष्कर्ष टांगू नका. सगळ्या वेलमध्ये डीएमएसओ (औषधं विरघळवायचं द्रव) सारखं, ०.१ टक्क्याच्या आत.

फतेगंज_फ्लो

ताईंनी संकेताचं सांगितलं, मी हाताळणीचं सांगतो. तुमच्या एक तृतीयांशातला काही भाग तिथूनही आलेला असू शकतो.

एक तर अँटिजेन दिल्यावर ट्रिप्सिन लावू नका. फुगलेल्या, ताज्या उघडलेल्या पेशी ओढून काढल्या की पडदे फाटतात. स्क्रेपर तर नकोच. आधी सोडवा आणि मग उत्तेजित करा: कॅल्शियम नसलेल्या पीबीएस बफरमध्ये २ मिलिमोलर ईडीटीए (कॅल्शियम धरून ठेवणारं), ३७ अंशांवर ५ ते ८ मिनिटं, बाटलीला हलकी टपली. मग २०० जी वर ५ मिनिटं फिरवून पेशी कॅल्शियमवाल्या टायरोडमध्ये घ्या आणि अर्धा तास ३७ वर विसावू द्या. ईडीटीए नीट धुतलं गेलं पाहिजे, नाहीतर डीग्रॅन्युलेशनही होणार नाही आणि ॲनेक्सिनही चिकटणार नाही.

दुसरं तुमच्या पाऊण तासाचं. ॲनेक्सिनच्या बाइंडिंग बफरमध्ये २.५ मिलिमोलर कॅल्शियम असतं. अँटिजेन धुतलं गेलं नसेल तर त्या नळीत डीग्रॅन्युलेशन चालूच राहतं. आणि किटच्या कागदावरचं "रूम टेंपरेचर" म्हणजे २० ते २५ अंश. मे महिन्यात आपल्याकडे दुपारी एसी बंद असलेल्या खोलीत ३५ च्या वर सहज असतं, म्हणजे पेशींना जवळपास इनक्युबेटरच. म्हणून ३० मिनिटं झाली की दहापट बर्फगार बफर ओता, ४ अंशांवर दोनदा धुवा. १०० मायक्रोलिटरमध्ये १ लाख पेशी, ५ मायक्रोलिटर ॲनेक्सिन, ५ मायक्रोलिटर पीआय (५० मायक्रोग्रॅम प्रति मिलिचं), १५ मिनिटं अंधारात, एसी चालू असलेल्या खोलीत. मग ४०० मायक्रोलिटर गार बफर. नळ्या बर्फाच्या डब्यात घालूनच दुसऱ्या इमारतीत न्या आणि रंग सायटोमीटरशेजारीच लावता आला तर सगळ्यात बरं.

बडोदा_पेशीघर

ताई, सर, दोघांचे मनापासून आभार. मग करक्युमिनचं काय? ते संकेत रोखतंय तर ॲनेक्सिन कमी व्हायला हवं होतं. झेड-व्हॅड मागवायला टाकतोय.

सिग्नलवाली_ताई

करक्युमिन स्वतःच हिरवं चमकतं! ४८८ नॅनोमीटरच्या लेझरवर एफआयटीसीच्याच खिडकीत दिसतं आणि पेशींच्या पडद्यात भरपूर शिरतं. तुमचे ७० टक्के बहुधा त्याचेच. दोन नळ्या लगेच लावा: करक्युमिन दिलेल्या पण ॲनेक्सिन न लावलेल्या पेशी, आणि ॲनेक्सिन लावून नंतर १० मिलिमोलर ईडीटीए घातलेल्या. खरं ॲनेक्सिन कॅल्शियम गेलं की सुटतं, करक्युमिनची चमक तशीच राहते. सायटोमीटरला लाल लेझर (६३३ किंवा ६४०) असेल तर पुढच्या वेळी ॲनेक्सिन-एपीसी (लाल चमकणारं) घ्या.

आणि हेक्सोसामिनिडेज कमी येतो म्हणता, त्यावरही एवढ्यात विश्वास ठेवू नका. एन्झाइमच्या रंगाचं वाचन ४०५ नॅनोमीटरला, करक्युमिनचं शोषण ४२५ च्या आसपास, वरून तुम्ही पीएच १० च्या कार्बोनेटने थांबवता. हळदीत चुना घातला की कुंकवाचा रंग येतो, तेच वेलमध्ये होतं. प्रत्येक मात्रेसाठी पेशीविरहित ब्लँक हवा. शिवाय ट्रायटन (०.१ टक्का) लावून फोडलेल्या पेशींच्या लायसेटमध्ये करक्युमिन थेट घालून बघा. तिथेही रंग कमी आला तर करक्युमिन एन्झाइमला रोखतंय, डीग्रॅन्युलेशनला नाही.

फतेगंज_फ्लो

यात एक जोड. सीरम नसलेल्या, पीएच ७.२ च्या बफरमध्ये ३७ अंशांवर करक्युमिनचा बहुतेक भाग अर्ध्या तासात विघटित होतो. एक तास आधी दिलेल्या २० मायक्रोमोलरमधलं अँटिजेन घालताना किती उरलं असेल याचा विचार करा. ते मीडियममध्ये, १० टक्के सीरमसह द्या, धुवा आणि लगेच अँटिजेन द्या. प्रत्येक वेळी डीएमएसओमधला ताजा किंवा अंधारात गोठवलेला साठाच वापरा.

बडोदा_पेशीघर

समजलं. मग गाइड सरांना दाखवायला वेस्टर्न ब्लॉट (प्रथिनं आकारानुसार पट्ट्यांत दाखवणारी चाचणी) लागेलच ना?

सिग्नलवाली_ताई

हो, फ्लोवर थांबू नका. कापलेलं कॅस्पेज-३ (१७ आणि १९ किलोडाल्टन) आणि कॅस्पेज कापतं ते पार्प हे प्रथिन (११६ वरून ८९). अँटिजेननंतर ३० मिनिटं, ६ तास, २४ तास, आणि शेजारच्या लेनमध्ये स्टॉरोस्पोरिन. तीनही वेळांना कापलेली पट्टी नसेल तर अपॉप्टोसिस हा शब्द काढून टाका. लायसेटसाठी तरंगणाऱ्या पेशीही गोळा करा. मेलेल्या पेशी सुटून मीडियममध्ये येतात आणि धुण्यात वाहून गेल्या तर निगेटिव्ह निकाल खोटा ठरतो. त्याच मीडियममधून एलडीएच (पेशी फुटली की बाहेर येणारं एन्झाइम) मोजून ठेवा. एलडीएच वाढला असेल तर हेक्सोसामिनिडेजचा काही भाग फुटलेल्या पेशींतून आलाय आणि रिलीजचा आकडाही नव्याने बघावा लागेल.