पिचरचा खांदा आत फिरत नाही, त्याला संघाबाहेर बसवू का? तातडीने सांगा

गोदाकाठ (नांदेड): कॉलेजच्या बेसबॉल आणि रोइंगच्या पोरांची सीझनआधीची तपासणी करायलोय. दोन्ही संघांना तक्ता एकच. एका पिचरचा (बॅटरला चेंडू टाकणाऱ्याचा) खांदा आत फिरण्यात उजव्या-डाव्यात २२ अंशांचा फरक येतोय. २० च्या वर धोका असं सगळे म्हणायलेत. सोमवारी यादी द्यायचीय. बसवू का?

टेपपट्टी: दादा, बाहेर किती फिरतो? झोपवून मोजला का? खवाटा दाबून धरला होता? फेकण्याआधी की नंतर?

उजवा_हात: बसवू नका. कुशीवर झोपवून हात खाली दाबायला लावा, ३० सेकंद, तीन वेळा. काही आठवड्यांत मोकळा होतो.

टेपपट्टी: मोजमाप पक्कं नसताना ताण कशाला? लहानपणापासून फेकणाऱ्यांच्या दंडाच्या हाडालाच पीळ पडलेला असतो. हात बाहेर जास्त जातो, आत कमी. हाडाचा पीळ ताणून जात नाही.

मैदान_परभणी: सगळ्यात आधी बीप टेस्ट (बीपच्या तालावर २० मीटर पळत ये-जा) घ्या. दमच नसेल तर खांदा काय कामाचा?

उजवा_हात: बीप टेस्ट बेसबॉलला कशाला? दोन बेसमध्ये ९० फूट, म्हणजे २७.४३ मीटर. तेवढं अंतर घड्याळ लावून पळवा.

गोदाकाठ: संध्याकाळी, प्रॅक्टिस संपल्यावर मोजलं. झोपवूनच. खवाटा धरला नव्हता. बाहेरचं राहिलं.

टेपपट्टी: मग तो आकडा खोडा. पिचिंगनंतर आतलं फिरणं कमी होतं आणि दुसऱ्या दिवशीपर्यंत तसंच राहू शकतं. विश्रांतीच्या दिवसानंतर सकाळी मोजा. उताणा झोपवा, दंड खांद्याच्या रेषेत, कोपर ९० अंशात, दंडाखाली घडी घातलेला टॉवेल. एकाने तळव्याने खांद्याची पुढची बाजू दाबून धरायची, दुसऱ्याने मनगट सावकाश न्यायचं. तळव्याखाली खांदा उचलायला लागला की तिथंच थांबून आकडा घ्यायचा. मोबाइलचं कोनमापक मनगटाजवळ टेकवलं तरी चालतं. आत आणि बाहेर दोन्ही, दोन-दोनदा. मग बेरीज. दोन हातांच्या बेरजेत ५ अंशांपेक्षा जास्त तूट असेल तर काळजी.

वल्हं_चार: रोइंगच्या पोरांना हाच तक्ता लावलाय, ते आधी थांबवा. त्यांची दुखणी कंबर आणि बरगड्यांची. मांडीमागचे स्नायू आखडलेले असले की पुढं सरकताना कंबर गोल होते, आणि ओढ सगळी तिच्यावर येते. सरळ पाय उचलून किती अंश जातो ते बघा, कुशीवर फळी (साइड प्लँक) किती सेकंद टिकते ते दोन्ही बाजूंनी बघा. सुरुवातीलाच २००० मीटर जीव तोडून घेऊ नका, ३० मिनिटं मिनिटाला २० स्ट्रोकच्या वेगानं घ्या. आणि अर्गोमीटरचा (रोइंगच्या यंत्राचा) ड्रॅग फॅक्टर, म्हणजे चाकाला हवेचा अडसर, दरवेळी बघून सारखा लावा. चाकाच्या जाळीत धूळ बसली की लिव्हर तोच राहून ड्रॅग उतरतो, मग जुलैचा आकडा सप्टेंबरशी जुळत नाही.

मैदान_परभणी: अर्गोमीटरच्या साखळीला ५० तासांनी तेल द्यायचं विसरू नका.

गोदाकाठ: साखळीचं ठीक आहे, यादीचं बोला. आज सकाळी मोजलं. पिचर: उजवा आत ५०, बाहेर ११६. डावा ६७ आणि १०१. आउटफिल्डर (मैदानात लांब उभा राहणारा): उजवा आत ४६, बाहेर १०४. डावा ६५ आणि १००.

टेपपट्टी: पिचरची बेरीज १६६ आणि १६८. खेळू द्या. आउटफिल्डर १५० आणि १६५, तूट खरी त्याची आहे. फेकताना खांद्यामागं दुखतं का?

गोदाकाठ: हो म्हणतोय, लांबून फेकलं की. आधी बोललाच नव्हता.

टेपपट्टी: मग त्याचं फेकणं बंद करून आधी हाडाच्या डॉक्टरांना दाखवा. बॅटिंगही त्यांना विचारूनच.

उजवा_हात: आणि त्याला मी वर सांगितलेला ताण देऊ नका. दुखऱ्या खांद्याला तो नाही.