प्रतिसाद: वासोट्याच्या वाटेवरचं 'अस्पर्श' जंगल

वर कुणीतरी सातारा जिल्ह्यातल्या वासोटा किल्ल्याभोवतीचं जंगल 'अस्पर्श' आहे असं लिहिलंय, म्हणून हा प्रतिसाद. बामणोलीहून लाँचने जिथे उतरतो ते मेट इंदवली. म्हणजे तिथे गाव होतं! कोयना धरणाचं पाणी साठच्या दशकात खोऱ्यात चढलं, १९८५ साली कोयना अभयारण्य झालं, आणि एकेक वस्ती उठत गेली. पलीकडे चांदोली राष्ट्रीय उद्यानातही तेच. झोळंबी, निवळे ही तिथल्या गावांची नावं आता नकाशापुरती.

पुढच्या खेपेला धावतपळत किल्ला गाठण्याआधी झाडीत जरा नजर टाका. दगडी जोती दिसतात, मातीच्या भिंती केव्हाच पावसाने नेल्या. एका जोत्याच्या कोपऱ्यात मला जात्याची तळी (खालचा दगड) दिसली होती, मधल्या भोकात शेवाळ साचलेलं. वरचा दगड बहुधा घरच्यांनी सोबत नेला असावा, हा आपला माझा अंदाज. उतारावर सरळ ओळीत दगड दिसले तर ते नाचणी-वरीच्या तुकड्यांचे बांध समजा. आणि रानात मधेच जुना फणस किंवा रायवळ आंबा दिसला की बहुतेक वेळा आसपास घर असतंच. (गाव शोधायला जीपीएसपेक्षा फणस बरा.)

पडीक शेतांची गवताळ माळरानं झाली, तिथे आता गवे चरतात. वाघासाठी जंगल राखायचं तर हे गवत मोलाचं, हेही खरं. पण ते माणसांनी साफ करून, नांगरून ठेवलेल्या जमिनीवर उगवलंय. त्याला 'अस्पर्श' कसं म्हणायचं?