विषय: बेसबॉलच्या पिचरने (बॉल टाकणाऱ्याने) सेटमध्ये थांबायचं किती? (तातडीचं)

नमस्कार,
आम्ही जूनअखेरपर्यंत सोलापुरात आहोत, सात रस्त्याजवळ. शेवटच्या मॅचला काय झालं ते तुम्ही पाहिलंच, तीन बॉक, म्हणजे पिचरच्या नियमबाह्य हालचाली. पोरगं रात्रभर झोपलं नाही. बाबांनी इथल्या मैदानात पिचरने पाय टेकवायची फळी ठोकून बॅटरच्या होम प्लेटपासून ४६ फुटांवर खूण केलीय, रोज सकाळी सहाला सराव, कारण आठनंतर ऊन सोसवत नाही. पण सेटमध्ये, म्हणजे दोन्ही हात छातीपाशी आले की, किती थांबायचं? एक सेकंद? दोन? आजच कळवा.
– पिचरची आई

Re:
वहिनी, आधी फळी हलवा. ४६ फूट लिटल लीगच्या मेजर्स या लहान गटाचं. तो आता इंटरमीडिएट या पुढच्या गटात आहे, तिथे ५० फूट आणि बेस एकमेकांपासून ७० फुटांवर. बॉकचं मूळही त्यातच आहे. मेजर्समध्ये बॉल बॅटरपर्यंत पोचेतो रनर (बेसवर उभा खेळाडू) बेस सोडू शकत नाही आणि बॉकही नसतो. आता रनर लीड घेतो, म्हणजे बॉल टाकण्याआधीच बेसपासून थोडा पुढे सरकतो. पिचरने त्याला फसवू नये म्हणून सेटमध्ये पूर्ण थांबावं लागतं, नाहीतर प्रत्येक रनर एक बेस पुढे. सेकंद मोजू नका. हात आणि ग्लव्ह स्थिर झालेले अंपायरला स्पष्ट दिसले, की झालं. बेस रिकामे असतील तर हे थांबणं लागत नाही.
– अंपायरिंगवाला

Re: Re:
रनर असला की सेटच घ्यायचा, हे मी आपल्या मुलांना आठ वर्षं शिकवतोय. टीमचा सराव माझ्याकडे आहे. नियम सांगायचे तर आधी माझ्याशी बोलावं, परस्पर मेल-लिस्टवर नको.
– कोचकाका

Re: Re: Re:
काका, शिकवता ते बरोबरच आहे. पण तो डावपेच झाला, नियम नव्हे. वाइंडअप (लांबलचक हालचाल करून बॉल टाकणं) आणि सेट, दोन्ही केव्हाही चालतात. वाइंडअपला वेळ लागतो, तेवढ्यात रनर पळून पुढचा बेस चोरतो, म्हणून आपण सेट घेतो. मुलांना हे कारण सांगायला हवं, असं मला मनापासून वाटतं.
– अंपायरिंगवाला

Re: Re: Re: Re:
काकांच्या मेलवरून आठवलं. शाळेत खो-खो खेळायचे तेव्हा खो मिळण्याआधीच मी उठायचे, दरवेळी फाऊल. बाईंनी सांगितलं, खो ऐकलास की मनात ‘एक’ म्हण, मग ऊठ. आठवड्यात सुटलं. लेकराला हे करून बघू दे. आणि वहिनी, येताना शेंगा चटणी दोन किलो आणाल का? गणपतीच्या यादीत माझ्याकडे आहे ती.
– काकू

Re: Re: Re: Re: Re:
काकू, आणते. फळी ५० फुटांवर नेली. मामेभाऊ पहिल्या बेसवर रनर म्हणून उभा राहतो, पोरगं मनात ‘एक’ म्हणतं, आज एकदाही घाई केली नाही. फक्त मध्येच थांबावंसं वाटलं तर तो पुढचा पाय आधी उचलतो. चालेल का?

Re: Re: Re: Re: Re: Re:
नाही! फळीला लागलेला पाय आधी, तोही मागच्या बाजूला. पुढचा पाय उचलून मध्येच थांबलं की बॉक होतो. उद्यापासून फक्त एवढंच करून घ्या.
– अंपायरिंगवाला