मदत हवी आहे: अवघड क्षेत्रातून बदलीचा अर्ज भरू की नको? मागे शाळा रिकामी होतेय

घाटमाथा_गुरुजी

नमस्कार. जिल्हा परिषदेच्या बदल्यांमधलं कळणाऱ्यांनी कृपया वाचा.

मी घाटमाथ्यावरच्या एका पाड्यावर उपशिक्षक आहे. पहिली ते चौथी, पट ३४. शाळा अवघड क्षेत्रात, म्हणजे सात निकषांपैकी किमान तीन लागू असलेली. आमच्याकडे पाच लागतात. त्यातला एक ‘संवाद छायेचा प्रदेश’. (शासन निर्णयात एवढं काव्य सहसा सापडत नाही. अर्थ इतकाच, की रेंजसाठी टेकडीवर चढायचं.)

संचमान्यतेत (पटावरून ठरणारी मंजूर पदं) दोन पदं आहेत. सोबतच्या बाई मागच्या बदली फेरीत संवर्ग २ (बदलीतला प्राधान्य गट) मधून, पती-पत्नी एकत्रीकरणात गेल्या. त्यांना काय बोलणार, पाच वर्षं नवरा एका टोकाला आणि त्या दुसऱ्या. पण त्यांच्या जागी कोणी आलंच नाही. तेव्हापासून चारही वर्ग, पोषण आहाराच्या नोंदी, बीएलओचं (मतदार यादीचं) काम, सगळं एकट्यावर. केंद्रावर मीटिंग लागली की पोरं अंगणवाडीच्या ताईंकडे.

मला इथे सहा वर्षं झाली. अवघड क्षेत्रात तीन वर्षं झाली की संवर्ग ३ मध्ये बदलीचा अधिकार मिळतो, तो मी एकदा सोडला. आता आईचे गुडघे गेलेत, मुलगी आठवीत आहे, घर इथून ११० किमी. बायको विचारते, दर वेळी पाड्याचाच विचार करणार का? मी गप्प बसतो.

परवा कागदावर ३० शाळांचा पसंतीक्रम लिहून बघत होतो. पहिल्या बारा झरझर लिहिल्या, मग लक्षात आलं की सगळ्याच्या सगळ्या हायवेला लागून आहेत. जिल्ह्यातले बाकीचेही हेच लिहिणार. माझी शाळा कुणाच्याच तिसांत नसणार. आणि आलाच कोणी, तरी पहिलीची पोरं घरी कोकणा ही आदिवासी बोली बोलतात. मला ती नीट समजायला दोन वर्षं गेली होती.

तर विचारायचं असं: यंदाही अर्ज केला नाही तर अधिकार टिकतो का? केला आणि शाळा मिळाली, पण इथे बदली माणूस आला नाही, तर मला सोडतात का? आणि निघण्याआधी दुसरं पद भरून घ्यायला शाळा व्यवस्थापन समिती काय करू शकते? ‘वर ओळख आहे का’ हे सोडून सांगा.

खडूची_धूळ

संवर्ग ३ चा अर्ज ऐच्छिक असतो. शाळा अवघडच्या यादीत आहे तोवर काळजी नाही. पण यादीचा दर तीन वर्षांनी फेरआढावा होतो. रस्ता डांबरी झाला, टॉवर उभा राहिला, की निकष गळतात आणि सगळा हिशोब बदलतो. आधी यादी बघा.

सोडतात की नाही, तर आमच्याकडे सोडलं. शाळा शून्यशिक्षकी होतेय म्हटल्यावर शेजारच्या शाळांतून कामगिरीवर, म्हणजे तात्पुरती, माणसं पाठवली. तीन दिवस एक सर, तीन दिवस दुसरे. पोरांना पाढे दोघांनीही दोनपासूनच शिकवले.

निवृत्त_केंद्रप्रमुख

गुरुजी, एक सांगा. रिक्त पदांच्या तक्त्यात तुमचं दुसरं पद निव्वळ रिक्त दाखवलंय की समानीकरणात?

सगळं त्यावर आहे. शिक्षक कमी, म्हणून प्रत्येक तालुक्यात रिक्त जागांचं प्रमाण सारखं राहावं यासाठी काही पदं मुद्दाम बंद ठेवतात. अशा पदावर कोणालाही पसंती देता येत नाही. अवघड क्षेत्रातल्या जागा भरायचा जो शेवटचा टप्पा असतो, त्यातही ते उघडत नाही. तालुक्याला किती जागा हे वर ठरतं, पण तालुक्यातल्या कोणत्या शाळेची, यात खरी गोम आहे. पाच शिक्षकांच्या शाळेतलं एक पद बंद ठेवलं तर ओढूनताणून निभतं. दोनांतलं एक बंद केलं की निम्मी शाळा गेली. तरी मोठ्या गावातले पालक दुसऱ्या दिवशी पंचायत समितीत येऊन बसतात आणि पाड्यावरचे येत नाहीत, म्हणून कात्री पाड्यावर चालते. मीही तक्ते भरलेत, त्यामुळे बोलतोय.

समितीचा ठराव करा. शिक्षणहक्क कायद्याच्या कलम २६ प्रमाणे शाळेतली रिक्त पदं मंजूर पदांच्या १० टक्क्यांवर जाता कामा नयेत. तुमच्याकडे ५० टक्के आहेत, हा आकडा ठरावात ठळक घाला. सोबत कलम ३२ खाली लेखी तक्रार द्या, तिच्यावर तीन महिन्यांत निर्णय द्यावा लागतो. निर्णय पटला नाही तर राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडे अपील आहे. पण नवा तक्ता जाहीर व्हायच्या आत द्या. नंतर सगळे सिस्टीमकडे बोट दाखवतात.

लाल_माती

मी पालक आहे, गाव रत्नागिरी जिल्ह्यात. आमच्याकडे घाटावरची मुलं नोकरीला लागतात आणि आंतरजिल्हा बदली उघडली की गावाकडे जातात. त्यांना नावं ठेवून बघितली, उपयोग शून्य.

कडू लागेल, पण अर्ज भरा. तुम्ही एकटे चार वर्ग ओढताय म्हणून दुसऱ्या पदाची घाई कोणालाच नाही. शाळा चालू आहे ना, मग झालं.

घाटमाथा_गुरुजी

सगळ्यांचे आभार. लाल_माती, तुमचं वाचून दोन दिवस डोकं फिरलं होतं, पण खोटं नाही.

काल पंचायत समितीत जाऊन आलो. पद समानीकरणातच आहे. शेजारच्या बाजाराच्या गावात सात मंजूर, सात हजर. यंदा अर्ज भरतोय. ठरावाची सभा शनिवारी.

फक्त एक अडचण. मुख्याध्यापकाचा चार्ज माझ्याकडे, त्यामुळे समितीचा सचिव मीच. आपल्याच खात्याविरुद्धची तक्रार माझ्या हस्ताक्षरात गेली तर नोटीस येईल का?

निवृत्त_केंद्रप्रमुख

इतिवृत्त तुम्ही लिहा, ते सचिवाचं कामच आहे. तक्रार अर्ज मात्र अध्यक्षांच्या नावाने, खाली पालकांच्या सह्या-अंगठे. त्यात तुमचं अक्षरही नको. दोन प्रती न्या आणि एकीवर आवक क्रमांकाचा शिक्का घेतल्याशिवाय टेबल सोडू नका असं अध्यक्षांना सांगा.