बादलीतलं खताचं पाणी खालच्या काकूंच्या बिबड्यांवर (ज्वारीच्या पापडांवर) गळलं. बंद करू का?

दुसरा_मजला_जळगाव:
गॅलरी तीन बाय सात. त्यातच कपडे वाळतात, तुळस आहे, कढीपत्ता आहे. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) रंगाची २० लिटरची रिकामी बादली घेतली, तापल्या खिळ्यानं बुडाला नि बाजूला भोकं पाडली आणि घरातला ओला कचरा तिच्यात टाकायला लागले. माणसं चार. आमरसाचे दिवस, म्हणून आंब्याची सालं नि कोयाच जास्त. शिवाय केळीची सालं, भरताच्या वांग्यांची जळकी सालं.

महिनाभर बरं चाललं. मग ऊन असं काही तापलं की बादली वरून पापडासारखी कोरडी दिसायला लागली, म्हणून मी रोज तांब्याभर पाणी ओतत गेले. परवा खालच्या काकूंनी अंगणात बाजेवर ज्वारीचे बिबडे घातले होते आणि बादलीतलं काळं पाणी गॅलरीच्या पाइपातून थेट त्यांवर. मी ज्वारी नेऊन दिली. घेतली, पण बोलल्या नाहीत.

आता वास येतो, नासलेल्या अंड्यासारखा. आणि राखाडी, चपट्या, पेराएवढ्या अळ्या वर चढताहेत. सासूबाईंनी झाकण उघडलं, 'हाई काय शे वं माय!' म्हणाल्या आणि मला दोन दिवसांची मुदत दिली.

माठवाला_भुसावळ:
ताई, कोरडं काय टाकलं ते तुम्ही लिहिलंच नाही. म्हणजे टाकलंच नसणार. सगळा घोळ तिथेच आहे.

भाजी-फळांच्या सालांत नत्र नि पाणी भरपूर, कर्ब कमी. खत नीट व्हायला नत्राच्या २५ ते ३० पट कर्ब लागतो, तो पाचोळा, भुसा, फाडलेला पेपर यांतून येतो. माप वगैरे मी करत नाही. एक वाटी ओलं टाकलं की दीड-दोन वाट्या कोरडं, बस. बादली वरून वाळली तरी खाली चिखल होता, त्यावर तुम्ही पाणी ओतलंत. हवा गेली, म्हणून वास.

आज सगळं घमेल्यात ओता. कोया वेचून काढा, त्या वर्षभर कुजत नाहीत. उरलेल्यात वखारीतला लाकडाचा भुसा मिसळा (प्लायवूडचा नको, त्यात डिंक असतो). मग मूठभर घेऊन दाबा. बोटांतून एखाद-दुसरा थेंब आला तर बरोबर, धार लागली तर आणखी भुसा. बादली विटांवर ठेवा, खाली जुनी परात. आणि उन्हातून हलवा, गॅलरीत ४४-४५ अंशांत प्लॅस्टिक भाजून निघतं. मी म्हणूनच पाण्याचा फुटका माठ वापरतो, मातीला हवा लागते.

कोणी ताक-गुळाचं पाणी टाका म्हणेल. आत्ता अजिबात नको.

केळीपट्टा_रावेर:
अळ्यांना घाबरू नका. त्या काळ्या सोल्जर माशीच्या, कचरा झपाट्यानं खातात. ती माशी घरमाशीसारखी ताटावर बसत नाही, चावतही नाही. मोठ्या झाल्या की अळ्या कोरडी जागा शोधत वर चढतात, म्हणून तुम्हाला झाकणापाशी दिसतात. कोरडं वाढवलंत की कमी होतील. सासूबाईंना दाखवायच्या आधी झाकण लावून घ्या, एवढंच.

नवशिका_धुळे:
गांडुळं सोडली तर लवकर होईल ना?

माठवाला_भुसावळ:
खान्देशच्या उन्हाळ्यात नको. ३५ अंशांपुढे गांडुळं तग धरत नाहीत. दिवाळीनंतर बघा. त्यापेक्षा फाल्गुन-चैत्रात कडुनिंबाचा पाला गळतो तेव्हा दोन गोण्या भरून ठेवा, वर्ष निघतं.

दुसरा_मजला_जळगाव:
खरंच, कोरडं म्हणून काहीच टाकलं नव्हतं. काल घमेल्यात ओतलं तर वरचा चार बोटांचा थर खडखडीत आणि खाली नुसता काला. अर्धी गोणी भुसा गेला, मगच मुठीतून थेंबावर आलं. आज सकाळी वास निम्मा झालाय. मुदत सोमवारपर्यंत वाढवून मिळाली.

परातीत काळं पाणी साचलंय, ते झाडांना चालेल का?

माठवाला_भुसावळ:
नासका वास येत असेल तोवर फेका. वास गेला की दहापट साधं पाणी घालून कढीपत्त्याला द्या. फक्त गॅलरीच्या पाइपातून सोडू नका!

दुसरा_मजला_जळगाव:
पाइपावर आता कापड बांधलंय. कोया सतरा निघाल्या. त्यांतल्या तिघींना कोंब फुटलेत आणि सासूबाई म्हणतात, त्या फेकायच्या नाहीत. गॅलरीत तीन आंबे कुठे लावू?